झाकण उघडलं की थांबतं

दुकानात तिचं नाव कुणी घेत नसे. मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तिला डेमोबाई म्हणत. कुणी वॉशिंग मशीन नेलं, मिक्सर नेला, की दुसऱ्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून ही त्यांच्या दारात हजर. बटण कुठलं, पाणी किती, पावडर कुठे टाकायची, सगळं करून दाखवायचं. सोपं वाटतं ना? मग करून बघा! मशीन पसंत करणार घरातला पुरुष, वापरणार बाई, आणि डेमोच्या वेळी पुढे येऊन प्रश्न विचारणार पुन्हा तो पुरुषच. डेमोबाई त्याला गोड बोलून नळाची तोटी बघायला पिटाळायची आणि तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या बाईला जवळ ओढून सगळं शिकवून टाकायची. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. पण बायका तिच्यावर खूश असत आणि मालकही.

सगळ्यात भाव खाऊन जायचा तो ड्रायर. दोन टपांच्या मशीनमध्ये मोठ्या टपात कपडे धुऊन निघतात आणि शेजारच्या लहान टपात गरगर फिरून पिळून निघतात, तो ड्रायर. त्याचं झाकण उघडलं की तो थांबतो. झाकणाखाली कडेला एक पट्टी असते. झाकण मिटलं की ती दबते आणि मोटर चालते, उघडलं की ती सुटते, मोटर बंद होते आणि ब्रेक लागतो. सोय चांगली आहे, पण बंद झाकणाआड गिऱ्हाइकाला दिसणार काय, कपाळ? म्हणून डेमोवाल्यांची एक युक्ती असते. खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा दुमडायचा आणि त्या पट्टीवर ठोसून बसवायचा. मशीनला वाटतं झाकण बंद आहे. मग झाकण सताड उघडं ठेवून टप फिरवायचा, कपड्यांतलं पाणी कसं उडतं ते दाखवायचं. घरातली माणसं तोंडात बोट घालून बघत राहतात. झालं की पुठ्ठा काढायचा, पिशवीत टाकायचा आणि म्हणायचं, "झाकण उघडलं की थांबतं. बिनधास्त हात घाला, काही होत नाही." मालकानं तिला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. त्या धंद्यात सगळेच असं करत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

घरी ती नुसती वहिनी होती. नवरा बस चालवायचा. तिसरी होती नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण, जन्मापासून ठार बहिरी. तिला घरात म्हणायचे बडबडी. थट्टा नव्हे, खरंच बडबडी होती हो! सकाळी उठल्यापासून तिचे हात चालू. शेजारच्या म्हाताऱ्याची चालण्याची नक्कल, बसमध्ये भांडलेल्या दोन बायका, रस्त्यातल्या कुत्र्याचा नखरा, सगळं दोन हातांत. तिचं ऐकायचं तर आधी गॅस बंद करून तिच्याकडे बघत बसावं लागे, म्हणून वहिनी कुरकुर करायची आणि तरीही बघत बसायची. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला त्या खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं. बडबडीनंच तिला एकेक खूण शिकवली, चुकली की पोट धरून हसली. पुढे त्या दोघींचं इतकं जमलं की नवरा म्हणायचा, "तुमच्यात मी परका." बडबडी मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत धाकट्या वर्गाला गोष्टी सांगायची. तिच्या तासाला मुलं डोळ्यांची पापणी लवू देत नसत.

आता या घरचे कपडे कोण धुणार? तर बडबडी. वहिनी गावभर मशीनं दाखवत फिरायची आणि घरी नणंद मोरीत बसून ब्रश घासायची. सोड्याच्या साबणानं तिची बोटं फुटायची, थंडीत तर रक्त यायचं. मुलं तिचे हात धरून भेगा बघतात असं ती हसत सांगायची. वहिनीच्या जिवाला ते लागायचं. "लोकांच्या बायकांचे हात वाचवते मी आणि माझ्या घरी ही गत," असं ती नवऱ्याला म्हणायची. दुकानात नवं मॉडेल आलं तेव्हा डेमोसाठी वर्षानुवर्षं वापरलेला जुना पीस मालक भंगारात काढत होता. तो तिनं मागून घेतला. त्या हातांसाठीच घेतला, दुसरं काही कारण नव्हतं.

घरी मशीन लागलं त्या दिवशी वहिनीनं असा डेमो दिला की तसा कुठल्या गिऱ्हाइकाला मिळाला नसेल. आतला जुना पुठ्ठा उपसून काढला, सगळं पुसून लख्ख केलं आणि मग नणंदेसमोर उभं राहून दोन्ही हातांनी सगळं समजावलं. झाकण उघडलं की थांबतं. हात घातला तरी काही होत नाही. बडबडीचा विश्वास बसेना. तिनं झाकण उघडलं, टप थांबला. मिटलं, फिरला. उघडलं, थांबला. लहान पोरीसारखा तो खेळ तिनं इतका चालवला की वहिनीनं शेवटी तिचा हात धरला. महिन्याभरात तिची बोटं भरून आली. ती त्यांना मलम लावायची आणि सगळ्यांना दाखवत सुटायची.

पण जुनं ते जुनं. पट्टी इतकी वर्षं दाबून ठेवलेली, ती सैल झाली. ड्रायर मनात आलं तर चाले, नाही तर झाकण मिटूनही ढिम्म. बडबडीनं दोन-तीनदा तक्रार केली. दुकानातल्या मेकॅनिकला एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण घरचं काम म्हणून आज सांगते, उद्या सांगते, असं वहिनीचं चाललं होतं.

त्या सकाळी नवरा पहाटेच ड्यूटीवर गेला होता. वहिनीला दूरच्या एका घरी डेमोला जायचं होतं आणि आधीच उशीर झाला होता. बडबडीनं तिला हाताला धरून मोरीत नेलं. टपात चादरी ओल्याचिंब पडलेल्या आणि ड्रायर हूं की चूं करेना. वहिनीनं पट्टी दाबून पाहिली, शिव्या घातल्या, आणि पिशवीतून पुठ्ठ्याचा तुकडा काढून ठोसला. डेमोला रोज ठोसते तसाच. हात सवयीचे, क्षणाचंही काम नाही. झाकण मिटताच ड्रायर गरगरू लागला; मागे उभ्या बडबडीला पुठ्ठा दिसलाच नाही. बडबडीनं खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली आणि पाठ फिरवून ती बादली विसळायला वाकली.

वहिनी चपला घालून दारापर्यंत गेली. तिथे तिला आठवलं. आठवलं हो, नाही असं नाही! आणि दारातूनच ती ओरडली, "अगं, आज झाकण लगेच उघडू नकोस हं! फिरायचं थांबू दे आधी!" असं ओरडून, सांगून झाल्याच्या समाधानात, ती जिना उतरून गेली.

इतकी वर्षं एका घरात काढली. त्या मुलीशी बोलायचं तर समोर जावं लागतं, खांद्याला हात लावावा लागतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि त्या दिवशी ती बहिरीच्या पाठीला ओरडून गेली. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या बाईला बोललं म्हणजे पोचलं असं वाटतं. मला तिचा राग येतो, आणि राग आला तरी त्या घाईच्या सकाळी आपण काय केलं असतं हे छातीठोकपणे सांगवत नाही.

आपल्याला ड्रायरचा आवाज कळतो. टप फिरतोय की थांबलाय हे न बघता कळतं. तिला शिकवल्याप्रमाणे बडबडीनं झाकण उघडलं. जोरात फिरणारा गुळगुळीत टप वरून बघितला तर स्थिर असल्यासारखाच दिसतो. तिनं चादरीचं टोक धरायला उजवा हात आत घातला.

वहिनी तेव्हा दूरच्या त्या घरात रंगात आली होती. फोन वाजला, तिनं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. गिऱ्हाइकापुढे फोन घ्यायचा नाही हा मालकाचा नियम. तिसऱ्यांदा घेतला तर खालच्या मजल्यावरची शेजारीण रडत होती. बडबडीची किंकाळी ऐकून ती वर धावली होती आणि तिनंच मशीनचं बटण बंद करून तिला दवाखान्यात नेलं होतं. वहिनी तिथलं मशीन तसंच चालू टाकून पळत सुटली.

आधी ती घरी गेली. दवाखान्यात न्यायचे कपडे घ्यायला गेले, असं तिनं नंतर सांगितलं. मोरीत चादर लाल झाली होती. तिनं पट्टीवरचा पुठ्ठा ओढून काढला, त्याचे तुकडे केले आणि संडासात टाकून पाणी ओतलं. मग दवाखान्यात गेली.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत. उरलेली दोन वाकायची नाहीत असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याचा हात जातो तेव्हा हात जातो. या पोरीची जीभ गेली.

नवऱ्यानं घरी येऊन मशीन तपासलं. नशीब असं की त्या दिवशी पट्टी मुकाट चालली. झाकण उघडलं, टप थांबला. त्यानं बायकोला विचारलं, "थांबतं तर आहे. मग हे झालं कसं?"

"घाई केली असेल तिनं," वहिनी म्हणाली. बोलून गेली आणि मग मागे फिरायला वाट उरली नाही.

बडबडीला ते लगेच पटलं. तिच्यासारख्या माणसाला लहानपणापासून सगळे तेच सांगत आलेले असतात, नीट बघत नाहीस, लक्ष नसतं. पलंगावर पडल्या पडल्या ती डाव्या हातानं पुन्हा पुन्हा सांगायची, माझं चुकलं. वहिनी तिला भरवायला बसली की तिचे डोळे पुसायची आणि म्हणायची, तू कशाला रडतेस, तू तर नीट शिकवलं होतंस.  एक दिवस वहिनीला राहवेना म्हणून तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. 

तो म्हणाला, "तिला सांगू नकोस. सांगून बोटं परत येणार आहेत का? तुझ्याशिवाय तिला आहे कोण?"

आणि खरं सांगायचं तर वहिनीला हायसं वाटलं. काय माणसाचं मन असतं बघा!

पण घरी आलेली बडबडी निराळीच होती. ती गॅस पेटवेना. इस्त्रीला हात लावेना. रस्ता ओलांडायचा झाला तर वहिनीचा पदर धरून उभी राही, आणि गाड्या थांबल्या तरी पाऊल उचलत नसे. डाव्या हाताच्या दोन-चार खुणा सोडल्या तर बोलणं बंदच. घरात कधी नव्हे ती शांतता पसरली आणि ती वहिनीला खायला उठली.

एका दुपारी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी समोर बसून तिला सांगितलं की मुलं वाट बघतायत, डाव्या हातानं सांग, जमेल तसं सांग, आम्ही सगळे मिळून नव्यानं शिकू. बडबडी नाही नाही म्हणून मान हलवत राहिली. मग डाव्या हातानं, अडखळत, तिनं एवढंच सांगितलं की मी वेंधळी आहे, लहान मुलं आहेत, माझ्या हातून त्यांना काही झालं तर? मोठ्या बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून डोळे टिपत निघून गेल्या. दाराशी उभ्या वहिनीनं ते सगळं पाहिलं होतं. आता ही पोर जन्मभर स्वतःला वेंधळी समजणार, शाळेत जाणार नाही, एकटी रस्त्यावर जाणार नाही, आणि हे आपण होऊ देणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला तिथे उभं राहवेना.

ती जाऊन नणंदेसमोर जमिनीवर बसली. तिच्या गुडघ्याला हात लावला आणि दोन्ही हातांनी सांगायला लागली. तुझं चुकलं नाही. मी पुठ्ठा लावला होता. झाकण उघडल्यावर थांबणार नव्हतं. नंतर मीच तो काढून टाकला. मी खोटं बोलले.

बडबडी टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काही कळल्याचं दिसेना, मग हळूहळू दिसू लागलं.  वहिनी पुढे सांगू लागली, पण मी तुला सांगितलं होतं. जाताना दारातून सांगितलं होतं, लगेच उघडू नकोस म्हणून.

बडबडीनं तिचे हात थांबवले. डाव्या हाताचं बोट तिनं स्वतःच्या ओठांना लावलं आणि भुवया उंचावल्या. तोंडानं?

वहिनीनं होकाराची मान हलवली.

 बडबडीनं डोळे मिटून घेतले. वहिनी तिच्या समोर बसून हातांनी माफी मागत राहिली, पुन्हा मागितली, रडत रडत पुन्हा मागितली. बडबडीनं डोळे उघडले नाहीत.