ठरावमास्तर आणि माझा मिरचीचा वाफा

ठरावमास्तरांच्या घरात साप निघाला असता तरी त्यांनी आधी विचारलं असतं, हा विषय विषयपत्रिकेवर आहे का. मी काही वाढवून सांगत नाही. साप नव्हता, शेळ्या होत्या, आणि मी तेव्हा वर्गाच्या खिडकीबाहेर उभी होते.

उमरेडजवळच्या आमच्या शाळेत ते शेतकी शिकवायचे. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या खिशात एक हिरवी पुस्तिका. त्या काळी, म्हणजे सत्तरच्या आसपास, शेतकऱ्यांच्या पोरांना शाळेतच सुधारलेली शेती शिकवावी म्हणून एक देशभराचं कृषी-कुमार मंडळ निघालं होतं. मुख्य कचेरी दिल्लीला, विदर्भाची नागपूरला रामदासपेठेत, आणि आमच्या गावची म्हणजे मास्तरांचा खिसा. शाळेमागच्या जमिनीत प्रत्येक सदस्याला एक वाफा मिळे. त्यात त्याने आपल्या हाताने पीक घ्यायचं, रोज वही लिहायची आणि शनिवारी सभेला यायचं. सभा कशी चालवावी ते हिरव्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, आणि मास्तरांना ती तोंडपाठ होती.

पुस्तिकेत म्हटलं होतं, अध्यक्षाने पूर्वेला बसावं. आमच्या वर्गाच्या पूर्वेला नेमकं दार होतं. त्यामुळे अध्यक्ष उंबरठ्यावर बसायचा आणि उशिरा येणारा प्रत्येक सदस्य त्याला ओलांडून आत जायचा. हेडमास्तरांनी एकदा सुचवलं, की अध्यक्षाला खिडकीशी बसवा. मास्तर म्हणाले, सूचना चांगली आहे, पण आपण सदस्य नाही.

तर शेळ्या. सभा ऐन रंगात असताना दोन शेळ्या सांबाराच्या वाफ्यात शिरल्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी डोळ्यांसमोर इडली आणू नये. एक पोरगा उठून पळणार तोच मास्तरांनी त्याला बसवलं आणि रीतसर ठराव मांडायला लावला, की ही सभा शेळीला हाकलण्याचं ठरवत आहे. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. तिसऱ्याने उपसूचना आणली, की शेळ्या दोन असल्याने ‘शेळी’ऐवजी ‘शेळ्या’ असं वाचावं. उपसूचनेवर मतदान झालं, मग मूळ ठरावावर झालं. पोरं बाहेर आली तेव्हा वाफ्यात काड्या उरल्या होत्या आणि शेळ्या आपल्या घरी पोचल्या होत्या. मास्तरांना सांबाराचं वाईट वाटलं, पण उपसूचना देणाऱ्या पोराचं कौतुक ते महिनाभर करत होते.

घरीही हाच खाक्या. एकदा वह्या पोचवायला मी गेले होते. चहा टाकावा की नाही यावर मास्तर काकूंचं मत विचारत होते. काकू आतून कप घेऊनच आल्या. म्हणाल्या, “मीच मांडला, मीच मंजूर केला. थंडा होऊन राहिला, घ्या आता.” मास्तरांनी मुकाट्याने घेतला. त्या एका सभागृहात त्यांचं काही चालत नसे.

माझा यात संबंध आला तो माझ्या भावामुळे. बंडू माझ्याहून वर्षाने मोठा, पण नववीवर त्याचा फार जीव, दोनदा बसला. तो मंडळाचा सदस्य होता आणि कबड्डीचाही. वाफा त्याच्या नावावर, मिरची माझी. भिवापुरी मिरचीची रोपं मी लावली, विहिरीवरून बादल्या मी आणल्या, वहीसुद्धा मीच लिहिली. बंडू फक्त सही करायचा, आणि तीही घाईत.

नोव्हेंबरात मास्तरांच्या ध्यानात आलं, की वहीतलं अक्षर वळणदार आहे आणि सहीतलं कोंबडीचे पाय. त्यांनी दोघांना बोलावलं. बंडूने क्षणात कबुली दिली, वर अभिमानाने सांगितलं, “सर, हे माह्यापेक्षा चांगली करते.” मास्तरांनी तिथेच त्याचं नाव कापलं. सदस्य गेला की वाफा गेला. डिसेंबरच्या नागपूर संमेलनानंतर बेवारस वाफ्यांवर वखर फिरवायचा असा नियम होता. माझी मिरची तेव्हा कमरेला लागत होती, झाडं हिरव्या मिरच्यांनी वाकली होती, आणि लाल व्हायला महिना-दीड महिना तरी हवा होता. मी म्हटलं, मग मला सदस्य करा.

मास्तरांनी पुस्तिका काढली. सदस्य म्हणजे तेरा ते एकवीस वयाचा कुमार. त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. माझे डोळे भरून आलेले पाहून ते गडबडले आणि भराभर पानं उलटू लागले.

“नियम तसा आहे वं बाई,” ते म्हणाले. “पण नियम बदलता येते. बदलायची रीत नवव्या पानावर आहे.”

रीत अशी, की आधी शाखेने ठराव करावा, मग तो संमेलनात जावा. ठराव मांडायला पांडू नावाचा, बंडूचा कबड्डीतला दोस्त तयार झाला. अनुमोदनाला कुणी हात वर करेना. बहिणीच मंडळात आल्या तर आपल्या वह्या कोण लिहून देईल याची सगळ्यांना धास्ती. शाखेच्या सभेत मास्तर नुसते सल्लागार, त्यांना ठरावावर बोलायची मुभा नाही. त्यांनी अध्यक्षाला खूण करून सभा पाच मिनिटं तहकूब करवली. मग पुन्हा पाच. शाळा सुटली, घंटा झाली, पोरांच्या पोटात कावळे कोकलू लागले आणि मास्तर खिडकीतून आभाळ बघत उभे. सहाव्या तहकुबीनंतर एकाने “दिलं, दिलं अनुमोदन” म्हणत दप्तर उचललं. माझी नागपूरची वाट भुकेने मोकळी केली.

संमेलन नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत होतं. मी, बाबा आणि मास्तर उमरेडहून एसटीने गेलो. मास्तर सगळी वाट पुस्तिका वाचत होते, जणू परीक्षा त्यांचीच होती. व्यासपीठावर दिल्लीच्या कचेरीतले एक कडक इस्त्रीचे गृहस्थ अध्यक्ष होते. त्यांनी आमचा ठराव पाहिला, हसले, आणि तो पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. मास्तर उभे राहिले. म्हणाले, हरकतीचा मुद्दा.

त्यानंतर दोन तास ते खाली बसले नाहीत. शाखेने मंजूर केलेला ठराव चर्चेला घेतलाच पाहिजे, हे त्यांनी नवव्या पानावरून वाचून दाखवलं. अध्यक्षांनी आपली पुस्तिका शोधली, ती रामदासपेठेत राहिली होती. सगळ्या सभागृहात एकच पुस्तिका, आणि ती मास्तरांच्या हातात. अध्यक्ष काही म्हणाले की मास्तर पान उलटायचे. तोवर मागच्या पडवीतून वडा-भाताचा वास येऊ लागला. गावोगावचे प्रतिनिधी पहाटेच्या गाडीने आलेले होते. शेवटी मागून एक जाडसर आवाज आला, “घ्या ना गा तो ठराव, भात थंडा होऊन राहिला.” अध्यक्षांनी घेतला.

मतदानाच्या वेळी मास्तरांनीच माझ्याकडे बोट दाखवलं. सदस्य नसलेल्यांनी बाहेर जावं. मी पडवीत जाऊन उभी राहिले. वाढणाऱ्या बाईंनी माझा चेहरा पाहून हातात एक वडा दिला, तो मी तसाच धरून ठेवला. मग आत टाळ्या वाजल्या आणि बाबा बाहेर आले. त्यांनी होकाराची मान हलवली, आणि मी तो वडा खाल्ला. मिरच्या जानेवारीत लाल झाल्या. त्या वर्षी आमच्या घरी तिखट विकत आणावं लागलं नाही.

पुढे मी कृषी खात्यात लागले. मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कचेरीने आपला इतिहास छापला, चांगला जाडजूड, आर्ट पेपरवर. त्यात दिल्लीच्या साहेबांचे फोटो होते. मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. मी संतापून पुस्तक घेतलं आणि उमरेड गाठलं. ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं: मुलींना सदस्यत्व देण्याचा ऐतिहासिक निर्णय नागपूर संमेलनात एकमताने घेण्यात आला.

त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, चुकलं आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, चुकलंच आहे, तुमचं नाव हवं होतं.

“नावाचं नाही म्हणत मी,” ते म्हणाले. “एकमतानं नव्हतं. एक मत विरोधात होतं.”

“कोणाचं?”

“माहं.”

संमेलनात सल्लागारांना मत असतं, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. ठरावाची नोटीस पंधरा दिवस आधी पोचावी लागते. आमची अकरा दिवस आधी पोचली होती. चर्चा हा आपला हक्क होता, म्हणून ते भांडले. पण नोटीस अपुरी असताना हात वर कसा करायचा?

“अन् सर, पडला असता तर?” माझा आवाज चढला होता. “माह्या मिरचीवर वखर फिरला असता.”

“काहून फिरंल?” ते म्हणाले. “वाफा सल्लागाराच्या नावानं ठेवता येते. बाराव्या पानावर आहे. अर्ज मी आदल्या दिवशीच लिहून खिशात ठेवला होता. पुढल्या साली टायमावर नोटीस देऊन ठराव पुन्हा आणला असता. तोवर पाणी टाकाले मी होतोच ना.”

त्यानंतर ते दोन वर्षं होते. इतिहासाच्या माझ्या प्रतीत मी ‘एकमताने’ हा शब्द खोडला आहे आणि शेजारी लिहिलं आहे, ‘विरोधात एक’. ते मत माझ्याच बाजूचं होतं, हे मात्र कुठल्या रीतीने नोंदवायचं ते मला अजून सुचलेलं नाही.