हायस्कुलाला दिलेली मिशी

आमच्या गावच्या हायस्कुलाला कुणी जागा दिली, कुणी लाकूड दिलं. मी मिशी दिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली ही गोष्ट. मावळातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. धाकटी बहीण यमू सातवी झाली आणि पुढं शिकायचंय म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिला पुण्याला कोण पाठवणार? शेवटी आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गवताची वखार रिकामी केली, कुठून तरी एक हेडमास्तर आणले आणि आठवीचा वर्ग उघडला. सरकारी मान्यतेला वीस मुलं हवी होती. भरली एकोणीस! आणि इन्स्पेक्टरसाहेब येणार होते दुसऱ्याच दिवशी.

आबांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. (मी सातवी पास होतो. शिवाय तेवीस वर्षांचा आणि दोन लेकरांचा बाप होतो. पण आबा एवढ्यातेवढ्यावर अडत नसत.)

"आबा, ह्या मिशा घिऊन बसू वर्गात?"

"मंग उतरव की!"

आमचा न्हावी लग्नाला गेलेला, म्हणून भल्या सकाळी माझ्या सासुरवाडीला, सोमाटण्याला गेलो. तिथल्या न्हाव्यानं वस्तरा हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"समदी उतरवू?"

"समदी."

"लय वाईट झालं, भाऊ."

मलाही मिशीचं वाईटच वाटत होतं. मी मान खाली घातली. त्यानं डोळे पुसले. काय हळवा माणूस, असं माझ्या मनात आलं!

दुपारी वर्गात गुडघे पोटाशी घेऊन यमूच्या मागं बसलो. साहेबांनी मुलं मोजली. वीस! आबांचा चेहरा खुलला. तोच साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"तू ऊठ. वय किती?"

"पंधरा," मी जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणालो. यमूनं तोंडासमोर पुस्तक धरलं.

तेवढ्यात बाहेर हंबरडा उठला. "आबा वो! कसं गेला वो आमाला सोडून!"

माझी सासू! मागं सासरे, त्यांच्यामागं बैलगाडीभर पाहुणे! बाप गेल्यावरच आमच्याकडे मिशी उतरवतात, हे त्या घाईत ना आबांच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या. न्हाव्यानं मात्र सगळ्या सोमाटण्यात बातमी पोचवली होती.

आबा ताडकन दारात गेले. "विहीणबाई, गेलो कुटं? हितंच हाय की मी!"

सासूनं त्यांना बघितलं, किंकाळी फोडली आणि दाराशी रचलेल्या गवतावर कोसळली.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

सासरे पडले भोळे. "म्या सासरा, सायेब. ह्यो जावई आमचा. दोन लेकरं हायती त्याला. बाप जित्ता असून मिशी काढली, काय म्हनावं ह्याला!"

आबांनी हात जोडले. "चूक माजी हाय, सायेब. पर पोरीला शिकायचंय वो." आबांना कुणापुढं हात जोडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

आणि साहेब खदाखदा हसायला लागले! "आठवीत बसायला वयाची अट नाही. वीस भरले, मान्यता देतो. पण हा विसावा रोज हजर पाहिजे, मॅट्रिक होईपर्यंत! मी न कळवता येऊन बघेन."

शब्द दिला आबांनी, निस्तरला मी. यमू पहिल्या झटक्यात मॅट्रिक झाली, पुण्याला जाऊन बी.ए. झाली आणि आमच्याच हायस्कुलात शिकवायला आली. पहिल्या दिवशी तिनं मॅट्रिकच्या वर्गाची हजेरी घेतली, तेव्हा शेवटच्या बाकावरून मी उठलो आणि म्हणालो, "हजर, बाई!"