आधारवड, मावळता सूर्य आणि आमचं कवी मंडळ

दौंडच्या आमच्या कवी मंडळात मान खाली घालायला लावणारे किस्सेच जास्त साठलेत. कुणाचा दशक्रिया विधी असला, की पुढाऱ्यांच्या भाषणानंतर आम्हाला श्रद्धांजलीची कविता वाचायला बोलावतात. आणि आमच्याकडे वड, सूर्य, पाखरू आणि पणती एवढाच माल!

*

मंडळाचे अध्यक्ष आप्पा, रिटायर्ड मास्तर. पाटसला एका बागायतदाराच्या दशक्रियेत त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली, "कोसळला हो वटवृक्ष, कोसळला!"

मांडवात चुळबुळ झाली. लोक गहिवरले असं समजून आप्पांनी ओळ पुन्हा घेतली. तेव्हा मयताचा भाऊ उठला, जवळ येऊन हळूच म्हणाला, "आप्पा, वड नव्हता. चिंच व्हती. गाडीवरनं येताना अंगावर पडली."

आम्ही चपला शोधायला लागलो.

*

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतल्या ऑपरेटरवर मी लिहिलं होतं, 'सूर्य मावळला, घर अंधारलं.' कार्यक्रमानंतर त्याच्या बायकोला भेटायला गेलो.

ती म्हणाली, "भाऊ, कविता चांगली व्हती. पर ह्यांची कायम नाईट. सूर्य मावळला की डबा घिऊन निघायचे, आन् उगवला की घरी यायचे. आता सकाळच लय जड जाती."



*

शिरूरला घोड नदीच्या घाटावर आप्पांनी शोककविता चक्क पोवाड्याच्या चालीत लावली. का, तर शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला पाहिजे!

मागून एक जण ओरडला, "वन्स मोअर!"

सगळा घाट त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागला. आप्पांनी मात्र दिला!

*

त्याच घाटावर दुसऱ्या एका विधीला पिंडाला कावळा शिवेना. घरच्यांनी धाकटीचं लग्न कबूल केलं, विहिरीचं काम कबूल केलं. कावळा झाडावरून हलेना. आप्पा माईकवर उडून गेलेल्या पाखराची कविता म्हणत होते. सातवं कडवं चालू होतं.

शेवटी एक म्हातारी कडाडली, "आधी त्यो माईक बंद करा!"

माईक बंद झाला आणि कावळा खाली उतरला. लोकांनी त्याला हात जोडले. आमच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"योगायोग," आप्पा म्हणाले.

*

माझी आई कारेगावला धाकट्या भावाकडे असते. यंदा तिनं अंथरूण धरलंय, पण डोकं अजून लख्ख. परवा मला म्हणाली, "समद्या गावाला कविता वाचून दावतुस. माझी मी मेल्यावर वाचनार. तवा मला कशी ऐकू यायची? आत्ताच वाच."

"काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हणालो.

पण खरं सांगतो, कविता तयार होती. महिन्यापासून माझ्या मोबाईलमध्ये होती. आईची कविता आई जिवंत असताना लिहून ठेवलेली! लाजेनं माझे कान तापले. तरी मोबाईल काढला आणि वाचली. तुळशीपुढची पणती, भर उन्हातली सावली, आटलेली नदी.

आई डोळे मिटून ऐकत होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातावर थोपटलं.

"लय चांगलं लिवलंयस," ती म्हणाली. "कोन व्हती रं ही बाई?"