ऐंशी वर्षांपूर्वीचा हशा

वृंदा मेढेकर मिरजेची. २०१८ साली ती पीएचडीसाठी नेदरलँड्समधल्या नायमेखनला आली. १९४०च्या सुमाराला अमेरिकन रेडिओवर दर आठवड्याला घरगुती विनोदी मालिका लागायच्या. त्या ऐकताना स्टुडिओतले प्रेक्षक नेमके कुठे आणि का हसायचे, हा तिचा विषय. तो ऐकून नातेवाईक नुसतेच मान हलवायचे.

मार्च २०२०मध्ये ती चार महिन्यांसाठी अमेरिकेतल्या एका संग्रहालयात जाणार होती. मालिकांच्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या तिथेच होत्या. बॅग भरून झाली आणि संग्रहालय बंद झालं. जूनमध्ये बघू, असं त्यांनी कळवलं. मग जानेवारीत बघू म्हणाले. पुढे उत्तरंच येईनात. इंटरनेटवर सापडलेले साठेक भाग घेऊन वृंदा खोलीत बसून राहिली. शेजारच्या खोल्यांतली मुलं केव्हाच घरी गेली होती. दिवसभर कानात, आता हयात नसलेल्या माणसांचं हसणं.

रविवारी दुपारी ती बाबांना फोनवर एखादा भाग ऐकवायची. शशिकांत मेढेकर एसटीतून निवृत्त झालेले. ते इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं, तरी प्रेक्षक हसले की तेही खो खो हसायचे.

"बाबा, कळलं का काही?"

"छे! पण एवढी माणसं हसतायत म्हणजे नवऱ्याची फजिती झाली असणार."

बहुतेक वेळा तसंच असायचं.

एप्रिल २०२१मध्ये बाबांना कोविड झाला. भारतातून येणारी विमानं बंद झाली. गेली असती तर परतीचा रस्ता नव्हता. "येऊन करशील काय? वॉर्डात आम्हालाच सोडत नाहीत," भाऊ सौमित्र म्हणाला. वृंदा गेली नाही.

एका नर्सनं व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. वृंदानं त्यांचा आवडता भाग लावला. प्रेक्षक हसले. बाबांनी हात उचलला.

"बंद कर," ते मास्कमधून म्हणाले.

ती त्यांची शेवटची भेट. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर वृंदा हेडफोन लावायची. पहिला हशा आला की काढून ठेवायची. तिच्या मार्गदर्शक मार्लूस यांनी समजून घेतलं, तीन महिने वाढवूनही दिले. त्या तीन महिन्यांत दोन पानंसुद्धा झाली नाहीत. २०२२च्या शेवटी विद्यापीठाबरोबरचा करार संपला, प्रबंध अर्धाच राहिला. तिथं राहण्याचा परवाना टिकवायला तिनं नायमेखनमधल्याच एका कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची नोकरी धरली.

"झालं का गं तुझं ते?" आई मेधाताईंनी फोनवर विचारलं.

"नाही. सोडलं."

"बरं," आई म्हणाली. का सोडलं, ते तिनं विचारलं नाही. वृंदानंही सांगितलं नाही.