अण्णांच्या झोळीखालची रजई: शिरूर ते दौंड, व्हाया न्हावरे

माझ्या वडिलांना, अण्णांना, पाठीच्या ऑपरेशननंतर सपाट गादीवर झोप लागेना. म्हणून दौंडच्या घराच्या पडवीत मी माझी ट्रेकची हॅमॉक, म्हणजे दोन खांबांना बांधायची कापडी झोळी, लावून दिली आणि गडी चक्क घोरायला लागला. मग थंडी आली आणि बोंब झाली. झोळीला खालून गार वारा लागतो. आत गोधडी अंथरावी तर ती अंगाखाली दबून चपटी होते, मग ऊब कसली! अण्णा खुर्चीत बसून रात्र काढायला लागले. हडपसरहून दादाचा फोन आला, "आता बास झालं. रविवारी मी त्यांना फ्लॅटवर घेऊन येतो." उभा जन्म रेल्वेच्या रुळांवर काढलेला माणूस, आई गेल्यावरही दौंड सोडलं नाही. फ्लॅटचं ऐकून त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

उपाय मला माहीत होता. झोळीच्या बाहेरून, खाली लटकणारी रजई. बाहेर असली की दबत नाही, फुललेली राहते. तयार मिळते ती परदेशी, आणि किंमत ऐकूनच घाम फुटतो, म्हणजे थंडीचा प्रश्न तिथंच मिटतो! म्हटलं, आपणच शिवू.

मी राहते शिरूरला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिथली बाजारपेठ पालथी घातली. हवं होतं वारा न शिरणारं हलकं नायलॉन. जॅकेटच्या अस्तराला वापरतात ते, दुकानात 'पॅराशूट कापड' म्हणून मागा. प्रत्येक तागा तोंडाला लावून मी फुंकर मारत होते. पलीकडे हवा गेली की तो बाद.

"मॅडम, कापड घ्यायचंय का वाजवायचंय?" दुकानदार म्हणाला.

तिसऱ्या ताग्याला हवा अडली. मीटरला शंभराच्या आत बसलं. पुढं गादी कारखान्यात फायबर घेतलं. सुटं नाही, रजईत घालतात तो अखंड थर. तिथला कारागीर उत्तरेकडचा. "इससे गद्दा नहीं बनेगा, दीदी," असं त्यानं मला दोनदा बजावलं. बिचाऱ्याला माझी काळजी!

शनिवारी सकाळी स्कूटरवर बोचकं बांधून न्हावऱ्याचा रस्ता धरला. रस्ता चांगला आहे, पण हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या असतात. त्यांना ओव्हरटेक करायची घाई करू नका, गपगुमान मागे राहा. न्हावऱ्यात माझी मावशी राहते. तिच्याकडे पायमशीन आहे आणि गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. तिला नीट समजावलं: कापडाचे दोन पदर, मधे फायबर, फक्त चारी कडा शिवायच्या आणि इलॅस्टिकची दोरी ओवायला नेफा ठेवायचा. "व्हय व्हय, कळलं," मावशी म्हणाली. मी निवांत फाट्यावर मिसळ खायला गेले. मिसळ झणझणीत होती, तर्री जपून मागा.

परत येऊन बघते तर काय! कडा झाल्या होत्या, आणि मावशी जमिनीवर रजई पसरून हातानं धावदोरा घालत बसली होती. ओळीला ओळ लावून, गच्च. अर्धी रजई पार सपाट.

"मावशे, वाट लावलीस गं!" मी ओरडलेच. "फुगलेली हवी होती, तू भाकरी थापलीस तिची!"

"मधी टाकं न्हाई घातलं तर पोटातलं समदं एका कोपऱ्याला गोळा हुतंय," मावशी फणकारली. "माझ्या हातची गोधडी घिऊन आजपतुर कुनाला हुडहुडी भरली न्हाई. आन् दाजींना मी आर्धवट काम करून देऊ व्हय?"

चिंध्यांच्या गोधडीला टाके लागतातच, तिचं चुकलं कुठं? पण हे फायबर अखंड थराचं, ते कोपऱ्याला गोळा होत नाही. आणि उद्या दादा येणार होता. मी रजई उचलली आणि मावशीला गोठ्याच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला बसवून तिच्या एका गुडघ्यावर टाक्यांची बाजू टाकली, दुसऱ्यावर बिनटाक्यांची. म्हटलं, बस जरा. मावशीचे गुडघे थंडीत ठणकतात. ती तोंड फिरवून बसली, म्हशीला दोन शिव्या घातल्या आणि मग हळूच म्हणाली, "हिकडच्या गुडघ्याला बरं वाटतंय गं." बिनटाक्यांच्या.

मी ब्लेड घेतलं तर तिनं हिसकावलं. "टाकं मी घातल्यात, उसवनार बी मीच." ओळीमागून ओळ ती उसवत गेली. मला भरून आलं, पण मी चहा करायला उठले. (सुईची भोकं नखानं घासली की बरीच बुजतात, हे लक्षात ठेवा.)

पुढं पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. चौफुल्याला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात इलॅस्टिकची दोरी मिळाली. तिथून पाटसमार्गे दौंड. पडवीत रजई झोळीखाली टांगली तेव्हा अण्णा संशयानं बघत होते.

"ही खाली का लोंबतीय? निसटली काय?"

"तशीच असते, अण्णा. झोपून बघा."

ते पडले, डोळे मिटले. "आत्ता काय, दुपारच हाय. रातीला कळंल," म्हणाले, आणि अंधार पडायच्या आत नीघ म्हणून माझ्या मागे लागले. मी निघाले.

शिरूरला पोचले तेव्हा पाठ मोडून आली होती. डिकीत हातभर कापड उरलं होतं आणि डोळ्यांपुढून मावशीची उसवणारी बोटं जात नव्हती. रविवारी उजाडताच अण्णांना फोन लावला. उचलला नाही. हा माणूस पाचला उठतो! परत लावला, नाही. झालं, रात्रभर खुर्चीत बसले असणार आणि रागावले असणार, असं मनात आलं. दादा एव्हाना हडपसरहून निघालाही असेल.

ऊन अंगणात आल्यावर त्यांचाच फोन आला.

"काय गं! नळ येऊन गेला! आख्खी गल्ली पानी भरून मोकळी झाली आन् मी हितं घोरतोय. कसली रजई करून दिलीस ही?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "मग सोडून ठेवा ती," मी म्हटलं.

"कोन हात लावतंय बघतो! आन् दादाला सांग, आलाच हायस तर जेवून जा म्हनावं. मी काय यायचो न्हाई. उद्याचं पानी कोन भरनार?"