ओझेलाबाईंची दुसरी बॅग

ओझेलाबाई टार्व्हर यांनी आमच्या पायनी फाट्यावर सव्वीस वर्षं बाळंतपणं केली आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही आई गेली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात नेमकी हीच गोष्ट सगळे सोयीने विसरले होते. त्यात मीही आले.

मी फाट्यावरच्या शाळेची मास्तरीण, व्हर्डेल सिम्स. एक खोली, एक शेगडी आणि सहा इयत्ता. ओझेलाबाईंना वाचता यायचं, सावकाश, अक्षराखाली बोट फिरवत. पण पेन्सिल हातात धरली की त्यांची बोटं अडायची. जी बोटं आडवं आलेलं मूल पोटातल्या पोटात सरळ करत, ती एका ओळीसाठी घामाघूम व्हायची. म्हणून बाळंतपण आटपलं की त्या थेट शाळेत यायच्या, मुलांना बाहेर पिटाळायच्या आणि मी जन्माचा सरकारी फॉर्म भरून द्यायची. त्या सांगणार, मी लिहिणार. असं अकरा वर्षं चाललं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे एक्कावन्न सालातली. अलाबामात तेव्हा सुईणीला परवाना लागायचा, दर वर्षी नवा. परवाना नसताना मुलाची नाळ कापली तर तुरुंग. हा परवाना टिकवायचा तर महिन्यातून एकदा काउंटीच्या आरोग्य कार्यालयात हजेरी लावायची, मागच्या दाराने, तळघरात. अकरा काळ्या बायका, बहुतेक सगळ्या आज्या, पांढरे एप्रन आणि पांढऱ्या टोप्या घालून रांगेत उभ्या राहायच्या आणि मिस लँगली नावाची चोवीस वर्षांची गोरी नर्स त्यांची नखं तपासायची.

"ओझेला, हात पुढे कर. पालथे कर."

"हो, मिस लँगली."

ओझेलाबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. नात शोभेल अशी पोरगी त्यांना एकेरीत हाक मारायची आणि यांनी तिला "मिस" म्हणायचं. गोऱ्या माणसांच्या तोंडून काळ्या बाईला "मिसेस" कधी निघायचं नाही. लग्न झालेलं असो, नातवंडं असोत, ती नुसती ओझेला, नाहीतर "आजीबाई". आमच्यात मात्र शेंबड्या पोरालाही त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची छाती नव्हती.

नखं झाली की बॅग उघडायची. काळी कातडी बॅग, आत उकळून इस्त्री केलेलं पांढरं अस्तर, कात्री, नाळेची फीत, बाळाच्या डोळ्यांत घालायचं औषध, भट्टीत भाजून घेतलेल्या कापडाच्या घड्या. याखेरीज एक सुतळीसुद्धा सापडली तर ओरडा. ओझेलाबाईंची बॅग म्हणजे नमुना. नवीन सुईण आली की मिस लँगली तिला हीच बॅग दाखवायची.

आता आतली गोष्ट सांगते. त्या अकराजणींपैकी प्रत्येकीकडे दोन बॅगा होत्या. एक नर्ससाठी, एक बायांसाठी. पहिलीतलं सगळं सामान दुसरीतही असायचंच, शिवाय तिच्यात आमचं आमचं थोडं असायचं. कळांवर उकळून द्यायची झाडाची साल, सुंठ, वेदना कापायला गादीखाली ठेवायची सुरी, आणि एक पुरुषाची टोपी. शेवटच्या कळांना बाळाच्या बापाची टोपी आईच्या डोक्यावर ठेवायची, म्हणजे त्याचाही थोडा जोर लागतो, अशी आमच्याकडची रीत. पण निम्मे बाप डेट्रॉइटच्या कारखान्यांत नाहीतर मोबीलच्या गोदीत. म्हणून ओझेलाबाई स्वतःजवळ एक टोपी बाळगायच्या.

त्या एप्रिलमध्ये त्यांची कंबर धरली होती. त्यांचे यजमान होसिया, माणूस भला, पण घरातली काडी इकडची तिकडे न करणारा, बैठकीच्या दिवशी नेमका कामाला लागला. त्याने बॅग उचलून ट्रकमध्ये ठेवली. जड होती म्हणून हीच महत्त्वाची असणार, असं त्याच्या डोक्याने ठरवलं.

तळघरात मिस लँगलीने बॅग उघडली आणि आतून ती तपकिरी टोपी काढली.

"हे काय आहे?"

"टोपी," ओझेलाबाई म्हणाल्या. त्यांना तेव्हाच सगळं उमगलं होतं.

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"ज्याची लागेल त्याची."

मग सुरी निघाली, साल निघाली. उरलेल्या दहाजणी जमिनीकडे बघत उभ्या होत्या, कारण आपापली दुसरी बॅग घरात कुठे लपवलीय ते प्रत्येकीला आठवत होतं. मिस लँगली वर गेली आणि डॉक्टर प्रुएटना घेऊन आली. तेही तिला "ए पोरी, कॉफी आण" म्हणायचे, पण ती गोष्ट निराळी.

"काय गं आजीबाई," डॉक्टर टोपी पेन्सिलीवर फिरवत म्हणाले, "हे जादूटोण्याचं दुकान कधी उघडलंस?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी शर्ती सांगितल्या. बॅग इथेच राहील. ओझेलाने माफीनामा लिहून आणायचा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचायचा, की माझं सामान घाणेरडं होतं आणि मी बायांच्या जिवाशी खेळले. खाली, आणखी कोणाकोणाकडे अशी बॅग आहे त्यांची नावं. नाहीतर मे महिन्यात परवाना संपतोय, तो संपला.

परवाना संपणं म्हणजे काय, ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. ओढ्यापलीकडे अर्लीन नावाची पोर होती, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा डेट्रॉइटला. मेच्या अखेरीस तिचे दिवस भरणार होते. फाट्यावर दुसरी सुईण नव्हती, आणि डॉक्टर ओढ्यापलीकडे येत नसत.

पहिल्यांदा आले पास्टर मॅकनीरी, रविवारची प्रार्थना आटपून. मी ओझेलाबाईंच्या ओसरीवरच बसले होते.

"ओझेलाबाई, सही करून टाका," ते म्हणाले. "डॉक्टरांशी वाकडं घेऊन चालायचं नाही. पुरुषमाणसाने बोलणं वेगळं. बाईने इतका ताठा बरा नाही."

"पास्टर, तुमच्या चौथ्या मुलाच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"परिषदेला गेलो होतो. तुम्हाला माहितीय."

"मग तुमच्या बायकोच्या डोक्यावर कुणाची टोपी होती, तेही विचारा की तिला."

पास्टर उठले. आमच्या चर्चमध्ये बाईला व्यासपीठावर चढून बोलायची परवानगी नव्हती, त्यामुळे त्यांना अशा उत्तरांची सवय नसावी. ते फाटकापर्यंत गेल्यावर होसिया खाली मान घालून म्हणाला, "सगळं माझ्यामुळे झालं."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मदत केलीस," ओझेलाबाई म्हणाल्या, "आणि तीही अशी!" पण बोलताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी मोठी शहाणी. मीही तेच म्हणाले जे पास्टर म्हणाले होते, फक्त गोड शब्दांत. अर्लीनचा विचार करा म्हणाले. रात्रभर बसून मी सुंदर अक्षरात माफीनामा लिहिला आणि सकाळी घेऊन गेले. त्यांनी अक्षराखाली बोट फिरवत तो वाचला. खालच्या कोऱ्या जागेवर बोट थांबलं.

"हे काय?"

"ती जागा... नावांसाठी ठेवलीय."

"ती तशीच राहील." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. "मास्तरीणबाई, त्या जन्माच्या फॉर्मवर डॉक्टरांचा एक रकाना असतो बघ."

असतो. 'डॉक्टरांना निरोप पाठवला का, किती वाजता, आले का.' अडलेल्या बाळंतपणात निरोप पाठवायचाच, असा नियम होता. त्या सांगतील ते मी प्रत्येक वेळी निमूट लिहीत आले होते.

"तुझ्या हातून किती वेळा 'आले नाहीत' लिहून झालंय?"

"मी मोजलं नाही."

"मी मोजलंय," त्या म्हणाल्या.

हा हिशेब डॉक्टरांपर्यंत गेला, तर? ते अक्षर माझं होतं. आमच्या शाळांचा साहेब डॉक्टरांबरोबर हरणांच्या शिकारीला जायचा. माझी नोकरी त्याच्या एका शब्दावर होती, आणि घरात कमावणारी मी एकटी.

मेच्या पहिल्या मंगळवारी मी शाळेला सुट्टी देऊन त्यांच्याबरोबर तळघरात गेले. अकराजणी रांगेत. डॉक्टर खुर्चीवर, समोर टेबलावर ती बॅग. मिस लँगली बाजूला उभी.

"हं, ओझेला. वाच."

ओझेलाबाई दोन पावलं पुढे आल्या. हातात कागद नव्हता.

"दहा मार्च, एकोणीसशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "लूला हॉकिन्स. मूल पायाळू. निरोप सकाळी सात वाजता. डॉक्टर आले नाहीत. दोन नोव्हेंबर, त्रेचाळीस. बिअट्रिस कोल. जुळं. निरोप दुपारी बारा वाजता. डॉक्टर आले नाहीत."

"हा माफीनामा आहे का?"

"मी सांगतेय डॉक्टर, होऊ द्या पुरं." त्यांचा आवाज चढला नाही. एकेक तारीख, एकेक नाव, एकेक वेळ. "चौदा जुलै, सत्तेचाळीस. रोझेटा फील्ड्स. निरोप तीन वेळा. डॉक्टर आले नाहीत. आई वाचली. मुलगा गेला. त्याचं नाव अमोस ठेवलं होतं." रांगेत कोणीतरी दबक्या आवाजात "देवा" म्हणालं. असे एकूण एक्केचाळीस निरोप होते. डॉक्टर दोनदा आले होते.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "कुठल्या तरी म्हातारीच्या बडबडीवर कोण विश्वास ठेवणार?"

"माझ्या बडबडीवर नका ठेवू. फॉर्म माँटगोमेरीला सरकारात जमा आहेत. प्रत्येकाखाली तुमची सही आहे."

ती सही डॉक्टर गठ्ठ्याने करायचे, न वाचता. स्वतः आलो नाही हे त्यांनी एकोणचाळीस वेळा स्वतःच्या हाताने कबूल केलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. त्यांनी मिस लँगलीकडे पाहिलं. गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवण्याचं काम तिचं.

ती पांढरीफटक पडली होती. "हो, सर," ती म्हणाली. "आहे. सगळ्यांवर."

"आणि लिहिलंय कोणी हे सगळं?"

ओझेलाबाईंनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नसतं, जसं त्या दहाजणींचं घेतलं नाही. म्हणूनच मला गप्प बसवेना.

"मी लिहिलंय," मी उठून म्हणाले. "अक्षर माझं आहे."

हे फॉर्म माँटगोमेरीला कोणी काढून वाचले तर काय होईल, ते डॉक्टरांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी ड्रॉवर ओढला, परवान्याचा कागद काढला, सही केली, शिक्का मारला आणि कागद टेबलावर भिरकावला. "एक वर्ष. पुढच्या वर्षी बघतो तुला. आणि हा कचरा उचल इथून." ओझेलाबाईंनी टेबलावरचं सामान शांतपणे बॅगेत भरलं, बॅग मिटली आणि कागद उचलला. दहाजणी बाजूला सरकल्या आणि त्यांना वाट करून दिली.

बाहेर होसिया ट्रक चालू ठेवून बसला होता. मी मध्ये बसले, ओझेलाबाई खिडकीशी. गाव मागे पडेपर्यंत त्या ताठ बसून होत्या. मग त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून बॅगेवर ठेवली.

"वाच," त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. "काय लिहिलंय ते मोठ्याने वाच."

कागदावर टाइप केलेलं होतं, 'ओझेला टार्व्हर, काळी सुईण.'

"अलाबामा सरकार," मी वाचलं, "मिसेस ओझेला टार्व्हर यांना सुईणीचं काम करण्याचा परवाना देत आहे."

होसियाने माझ्याकडे चमकून पाहिलं. ओझेलाबाईंनी कागद माझ्या हातून घेतला, स्वतःच्या नावाखालून सावकाश बोट फिरवलं, तिथे काय आहे आणि काय नाही ते पाहिलं. मग कागद मला परत दिला आणि डोळे मिटून मान मागे टेकवली.

"परत वाच," त्या म्हणाल्या.