बेटावरच्या गोवऱ्या

आमच्या आळीतले पोस्टातले बाबू अंदमानला जाऊन आले. सौंसरात आमच्या ओळखीच्या कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं जमायची. बाबू सावकाश पान लावत आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्यांपासून सुरुवात करत. जामसांवलीला देवाला जाताना नेतो, तशा गोवऱ्या आणि कणीक त्यांनी पोत्यात भरून बोटीनं नेली होती.

"तिकडचे लोक मासे घेऊन आले. म्या त्याईलेच रोडगा खाऊ घातला," ते सांगत.

मला चीड यायची. एवढं पाणी ओलांडून हा माणूस जेवणच सांगतो.

"पण बाबूजी, समुद्र कसा हाये?" मी एकदा विचारलं.

त्यांनी बराच विचार केला. "हवा लय राह्यते. गवरी पेटूनच नोती राहिली."

पुढल्या हिवाळ्यात मी आणि बायको अंदमानला निघालो, तेव्हा बाबू गोवऱ्यांचं पोतं घेऊन स्टँडवर आले. "कोरड्या हायेत. ओल्या होऊ देऊ नका."

नाही कसं म्हणायचं, म्हणून मी पोतं घेतलं.

बेटावर उतरलो. समोर निळाशार समुद्र, जन्मात पहिल्यांदाच. मी बायकोला म्हटलं, "पाह्य."

ती पोत्याचं तोंड सोडत म्हणाली, "पाहिला. आता आडोसा पाहा, हवा लय हाये."